विहिरीचा सातवा थर आणि आमचं तळघर

आमच्या तळघरात पावसाळ्यात पाणी का भरायचं आणि आम्ही ते कसं थांबवलं, त्याची ही गोष्ट. आधी घराची रचना सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. रत्नागिरीतल्या एका जुन्या आळीत, उतारावर, आजोबांनी बांधलेलं जांभ्याचं घर आहे, वर मंगलोरी कौलं. पुढचा दरवाजा गल्लीच्या पातळीला, मागे परसात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि घराखाली तळघर. चौदा बाय अठरा फूट. त्याची पूर्वेची भिंत सगळी जमिनीला टेकलेली, म्हणजे त्या बाजूला फरशीपासून वर सहा फूट माती आणि कातळ. पश्चिमेला परसात उघडणारं दार आहे पण तेही दोन-अडीच फूट खोल, पायऱ्या उतरून. आजोबांच्या काळात इथे नारळ, आंब्याच्या पेट्या, तांब्याचे हंडे आणि आमसुलांच्या बरण्या असायच्या. आमच्या काळात अडगळ, जुना फ्रीज, आणि (हे लिहायलाही लाज वाटते) इन्व्हर्टरची बॅटरी, थेट जमिनीवर ठेवलेली.

तीन पावसाळ्यांपूर्वी आर्द्रा नक्षत्रात सलग चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी बाबा कोकमं आणायला खाली गेले आणि जिन्यावरूनच ओरडले की अरे माझी चप्पल तरंगत्ये. मी धावत गेलो तर तळघरात नडगीपर्यंत पाणी, स्वच्छ, तळाची फरशी दिसत होती इतकं स्वच्छ, आणि त्यावर नारळ हेलकावे खातायत. बाबा लेंगा वर करून उतरायच्या बेतात, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "अहो, आधी मेन पाडा! मग काय पोहायचं ते पोहा!"

ती ओरडली नसती तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही. खाली पाण्यात बॅटरी, भिंतीवर दीड फुटावर जुना प्लग, आणि घराला तेव्हा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) नव्हता, नुसत्या फ्यूजा. साध्या फ्यूजला किंवा एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतच नाही, तो ओव्हरलोडसाठी असतो. माणसासाठी ३० मिलिअँपचा आरसीसीबी लागतो, तो गळती दिसली की सेकंदाच्या अंशात पाडतो. आणि इन्व्हर्टर असेल तर मेन पाडून भागत नाही, इन्व्हर्टरही बंद करावा लागतो, कारण तो लाइट गेलीय समजून घरात करंट द्यायला लागतो. हे मला वायरमनने नंतर समजावलं. आमचा इन्व्हर्टर बुडून आधीच गेला होता म्हणून वाचलो एवढंच.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात, पंप आणला. भाड्याचा पेट्रोल पंप, दोन तासात तळघर कोरडं. हिशोब केला तर चौदा इंच पाणी म्हणजे आठ हजार लिटरच्या वर जातं, एवढं पाणी दोन तासात काढलं म्हणून मी खूश. संध्याकाळी सहाला परत नऊ इंच. रात्री परत पंप. सकाळी परत पाणी, आणि पूर्वेच्या भिंतीत खालून दुसऱ्या थरातला एक चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, बोटभर आत सरकलेला.

त्याचं कारण मामाने फोनवर सांगितलं. आमचा मामा चिपळूणचा, बाजारपेठेत दुकान, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं आमच्याकडे शेवटचं. म्हणाला, "अरे शहाण्या, बाहेर जमीन पाण्याने फुगलेली असताना आतलं पाणी झटक्यात काढलंस? आतलं पाणी भिंतीला धरून होतं. ते गेलं, आता बाहेरचा सगळा रेटा एकट्या भिंतीवर." पाण्याचा दाब खोलीवर असतो. बाहेर फरशीच्या वर चार फूट पाणी साठलं असेल तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला साधारण बाराशे किलोचा रेटा येतो, आणि आमची भिंत म्हणजे चुन्यात बसवलेले चिरे, काँक्रिट नव्हे. तर पद्धत अशी की फूटभर पाणी काढायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची, रात्रभर थांबायचं. पाणी परत खुणेवर चढलं तर जमीन अजून भरलेली आहे, घाई करू नका. चढलं नाही तर पुढचा फूट. आम्ही हे चिरा सरकल्यावर शिकलो.

मामाबद्दल दोन शब्द लिहितोच, कारण त्याच्या सल्ल्यातला अर्धा आमच्या कामाचा होता आणि अर्धा अजिबात नव्हता, आणि तो फरकच या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याने चिपळूणचा २६ जुलै २००५ चा पूर पाहिलाय आणि २२ जुलै २०२१ चा पण पाहिलाय. चिपळूणचं पाणी म्हणजे वाशिष्ठीचं पाणी. वरून सह्याद्रीतला पाऊस, त्यात कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी कोळकेवाडीकडून याच नदीत येतं, आणि खालून दाभोळच्या खाडीतून भरती. तिन्ही एकदम जमलं की नदीला जायला जागाच नाही. ते पाणी रस्त्यावरून, दारातून, शटरखालून येतं, काही तासात माणूसभर चढतं, आणि जाताना फूटभर गाळ ठेवून जातं. तिथे तळघरात सामान ठेवणं हाच मूर्खपणा, दुसरा उपाय नाही. मामा आला तो टेप घेऊन आला आणि म्हणाला उंबरा दीड फूट वाढव, दाराला लोखंडी खाचा बसव म्हणजे फळ्या सारता येतील. मी ऑर्डर द्यायच्याच तयारीत होतो.

पण मग तोच जिन्यावर उभा राहून पाण्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "गाळ कुठाय रे?" गाळ नव्हताच. पुराचं पाणी असं नितळ नसतं. दाराच्या पायऱ्या तर कोरड्या, नुसत्या पावसाने ओल्या. पाणी दारातून आलंच नव्हतं. मग उंबरा वाढवून करणार काय, आत आलेलं पाणी आतच अडवणार?

इथे एक मागची गोष्ट कबूल करायला हवी. तळघराला ओल आधीपासून होती आणि आदल्या वर्षी आम्ही एका वॉटरप्रूफिंगवाल्याकडून आतून काम करून घेतलेलं, पंच्याऐंशी हजार. त्याने जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला, त्यावर दोन हात केमिकल, फरशीवर टाइल्स, दहा वर्षांची गॅरंटी. एकाच पावसाळ्यात भिंतीवर पापडासारखे फुगे आले, हात लावला की खाली, आणि मागे चिऱ्यावर पांढरी क्षारांची भुकटी. टाइल्सचं तर असं झालं की मधल्या दोन टाइल्स रात्री टपकन आवाज करून वर आल्या, आईला वाटलं घूस. तो माणूस नंतर फोन उचलेना, पण खरं सांगायचं तर काम त्याने वाईट केलं नव्हतं, ते काम तिथे करायचंच नव्हतं. बाहेरून पाणी रेटतंय आणि तुम्ही आतून लेप लावताय, तर तो लेप भिंतीला चिकटून राहतो तो फक्त स्वतःच्या पकडीवर. जांभ्याचा पृष्ठभाग भुसभुशीत, सच्छिद्र, लेप सुटताना चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच येतो. आणि ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही की ती चिऱ्यातच वर चढते, आमच्याकडे ती चढत चढत माजघराच्या भिंतीला पोचली होती. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो, तेच त्याचं काम. आजोबांना हे माहीत असणार, आम्हाला नव्हतं.

या वेळी ठरवलं की एक रुपया खर्च करायच्या आधी पाणी नक्की कुठून येतंय ते बघायचं. बायको शाळेत विज्ञान शिकवते, तिने वही केली. एक सरळ कडांचा प्लॅस्टिकचा डबा उघड्यावर, त्यात रोज सकाळी पट्टी घालून पावसाचे मिलिमीटर. तळघराच्या भिंतीवर पेन्सिलने इंचाच्या रेघा. आणि तिसरा कॉलम विहिरीचा, ही कल्पना बाबांची.

आमची विहीर परसात आहे, वरचा भाग चिऱ्यांनी बांधलेला. बाबा म्हणाले थर मोजा, प्रत्येक थर साधारण आठ इंच, जमिनीपासून खाली कितव्या थराला पाणी आहे तेवढं लिहा. मेमध्ये पाणी इतकं खाली असतं की थर संपून कातळ लागतो. जूनअखेर बाराव्यावर. आणि तीन आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक लिहिल्यावर चित्र एवढं स्पष्ट दिसलं की आम्ही तिघं वहीकडे बघत बसलो. पाणी आठव्या थरावर असेपर्यंत तळघर नुसतं ओलं. सातव्या थराला टेकलं की त्याच दिवशी फरशीच्या सांध्यातून पाणी. पाऊस थांबला तरी तळघरात पाणी दीड-दोन दिवस येतच राहायचं, आणि विहीर सातव्याच्या खाली गेली की थांबायचं. म्हणजे हे आभाळातलं पाणी नव्हतंच, जमिनीतलं होतं.

आता गंमत अशी की मी मोजून बघितलं तर सातवा थर तळघराच्या फरशीच्या दोन फूट खाली येतो. मग विहिरीत पाणी खाली असताना तळघरात वर कसं? याचं उत्तर बायकोने वहीच्या मागच्या पानावर रेघ मारून दाखवलं. जमिनीतलं पाणी विहिरीसारखं सपाट नसतं, उतारावर तेही उतरतं असतं, डोंगराकडे चढं आणि परसाकडे खाली. विहीर खालच्या अंगाला, पूर्वेची भिंत वरच्या अंगाला. मधे फूट-दोन फुटांचा फरक सहज पडतो. कोकणात जांभा म्हणजे स्पंज, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, पडलेला पाऊस त्यातून झिरपत खाली जातो आणि जांभ्याखालची चिकणमाती लागली की अडतो, मग उताराला आडवा सरकत जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन निघतो. आमच्या घरात ती वाट म्हणजे तळघर.

पण वहीत काही नोंदी या चित्रात बसत नव्हत्या. दोन वेळा असं झालं की विहीर नवव्या थरावर, आधी दोन दिवस उघडीप, आणि अचानक अर्ध्या तासाची जोरदार सर आली तर वीस-पंचवीस मिनिटांत ईशान्य कोपरा ओला. एवढ्या लवकर जमिनीतलं पाणी येत नाही. म्हणजे पाणी दोन आहेत आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. हे कळलं नसतं तर एक वाट बंद करून दुसऱ्या पाण्याला शिव्या घालत बसलो असतो.

दुसऱ्या पाण्याचा माग काढायला होळीचा उरलेला हिरवा रंग कामी आला. वरच्या अंगाला घर आणि गडगा (चिऱ्यांचं कुंपण) यांच्यामध्ये पट्टा आहे, तिथे आम्ही स्कूटर लावायला पेव्हर ब्लॉक बसवलेत. उघडीप बघून तिथे दोन बादल्या हिरवं पाणी ओतलं आणि खाली जाऊन स्टूल टाकून बसलो. सव्वीस मिनिटांनी कोपऱ्यातून हिरवा ओघळ आला. वर हात घालून बघितलं तर केबल आणण्यासाठी भिंतीत पाडलेलं भोक, आजूबाजूला नुसता कागदाचा बोळा कोंबलेला. आणि मुलाने आणखी एक शोध लावला, त्याने पेव्हरवर गोटी ठेवली. ती घरंगळत घराच्या भिंतीला येऊन टेकली. पाच ठिकाणी ठेवली, पाचही वेळा घराकडे. म्हणजे उतार आम्ही पैसे देऊन घराकडे करून घेतला होता.

त्यात वरच्या पाखाच्या सगळ्या पागोळ्या त्याच पट्ट्यावर. कौलांची ती बाजू सहाशे चौरस फूट धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. तासाभरात पन्नास मिलिमीटर पडला, जे आमच्याकडे जुलैत काही विशेष नाही, तर एकट्या त्या पाखावरून पावणेतीन हजार लिटर पाणी भिंतीच्या पायाशी. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, गुणाकार तुम्हीच करा.

गणपतीनंतर मिस्त्री आला, साठीतला, खेडशीकडचा. त्याने वही बघितली नाही, यंत्र काढलं नाही, पूर्वेच्या भिंतीबाहेर उभा राहिला, गडग्याच्या खालच्या चिऱ्यांवर एक शेवाळाची आडवी काळी रेघ होती तिच्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हितं आधी चर होता काय?"

बाबा जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "होता. अडीच फुटांचा. दर वर्षी मिरगाच्या आधी वडील उपसून घ्यायचे, वरून येणारं सगळं पाणी त्यातून बाजूने परसात, तिथून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला."

"मग?"

"आम्हीच बुजवला. स्कूटरसाठी."

मला वाटतं त्या दिवशी बाबांना पंच्याऐंशी हजारांपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं. पण नुसता जुना चर उघडून भागणार नव्हतं, कारण तो वरवरचं पाणी वळवायचा. आजोबांच्या वेळी तळघरात पावसाळ्यात थोडं पाणी यायचंच म्हणे, तेव्हा खाली मातीची जमीन होती, कोपऱ्यात खड्डा होता आणि बाया घमेल्याने उपसायच्या, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं.

काम एप्रिल-मेमध्ये केलं, विहीर तळाला असताना. हे काम पावसात किंवा पाऊस संपल्या संपल्या करायला जाऊ नका, खणाल तिथे पाणी लागेल आणि भिंतीच्या बाजूची माती सुटेल. भिंतीपासून चार फूट लांब, तिला समांतर चर खणला, तळघराच्या फरशीच्या जरा खाली जाईल एवढा खोल, म्हणजे साडेसहा फुटांच्या आसपास. मी म्हणत होतो भिंतीला लागूनच खणू, मिस्त्रीने डोक्याला हात लावला. पायाला खेटून पायाएवढं खोल खणलं की जुन्या घराची भिंत बाहेर बसते. आणि सगळा चर एकदम उघडा नाही टाकला, सहा-सहा फुटांचे तुकडे, एक भरून झाला की पुढचा, वरच्या मातीला फळ्यांचा टेकू. खाली जांभा ब्रेकरने छान कापला जातो, पण एवढ्या खोल चरात माणूस उतरवताना बाहेर दुसरा उभा हवाच आणि काढलेली माती चराच्या काठावर रचायची नाही.

चरात आधी जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरलं, त्यावर खडीचा थर, मग सहा इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला. सगळे विचारतात भोकं खाली का, तर पाणी खालून चढतं, पाइपच्या तळाशी आलं की लगेच आत जाऊन वाहायला लागतं, भोकं वर असती तर तेवढं पाणी चढेपर्यंत थांबावं लागलं असतं. वर परत खडी आणि कापड गादीच्या खोळीसारखं गुंडाळून घेतलं, नाहीतर चार पावसाळ्यांत माती जाऊन पाइप बसतो. उतार शंभर फुटांना एक फूट. पाइप घराला वळसा घालून परसाच्या खालच्या टोकाला उघडा सोडला, तिथे जमीन तळघरापेक्षाही खाली आहे. आमचं नशीब एवढंच की घर उतारावर आहे, पाणी आपल्या पायाने जातं, पंप नको, वीज नको. सपाटीवरच्या घराला हे सुख नाही, तिथे खड्डा करून पंपानेच काढावं लागतं. खालच्या शेजारच्या काकांना आधी दाखवून, त्यांच्या गडग्याला धक्का न लावता पाणी पऱ्याला जाईल असं बघून मगच तोंड ठरवलं. आपल्या घरातलं पाणी दुसऱ्याच्या परसात सोडणं म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं भांडण.

वरच्या पाण्यासाठी पाखाला पन्हळ लावली, दोन उभे पाइप, त्यांचं पाणी वेगळ्या बंद पाइपातून. ते भोकांच्या पाइपात सोडायचं नाही बरं का, नाहीतर छपराचं पाणी तुम्ही स्वतःच जमिनीत जिरवाल. पेव्हर काढून गडग्याकडे उतार देऊन परत बसवले आणि कडेला उथळ उघडा चर ठेवला, आजोबांचाच, फक्त अर्ध्या खोलीचा. केबलचं भोक बुजवायला किती लागले असतील? तीनशे रुपये.

आतलं काम त्यामानाने थोडं. सिमेंटचा गिलावा पूर्ण काढला, सरकलेला चिरा मिस्त्रीने परत बसवला, भिंत दोन महिने उघडी वाळू दिली, मग चुन्याचा गिलावा. टाइल्स काढून टाकल्या. आजोबांचा कोपऱ्यातला खड्डा जिथे होता तिथेच परत केला, दोन बाय दोन, अडीच फूट खोल, त्यात उरल्यासुरल्या पाण्यासाठी अर्ध्या एचपीचा फ्लोटवाला (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) पंप, पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर पंप थांबला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात आणि पंप परत चालू, रात्रभर हेच. पंपाला इन्व्हर्टरचा सप्लाय, कारण आमच्याकडे पाऊस जोरात आला की लाइट आधी जाते. बोर्ड छातीच्या उंचीवर, आरसीसीबी, बॅटरी वरच्या मजल्यावर. चर, पाइप, पन्हळ, पंप, गिलावा, मजुरी धरून एक लाख नव्वदच्या आसपास गेले. आधीचे पंच्याऐंशी वेगळे, ते मी कुणाला सांगत नाही.

इन्शुरन्सचं पण विचारतील म्हणून. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही एकाच धाटणीची पॉलिसी सुरू झाली, त्यात पूर, वादळ, पाणी भरणं हे येतं. आमची होती. सर्व्हेअर आला, भिंत बघितली, म्हणाला ही हळूहळूची झिरप आहे, पूर नव्हे. क्लेम झाला नाही, आणि वही तर आमच्याच हातची पुरावा होती. मामाकडचं पाणी मात्र सरळसरळ पुराचं, त्याला निदान हा वाद घालावा लागणार नाही.

मामाचे जे सल्ले आम्ही आहेत तसे उचलले तेही सांगतो. पाण्यात उतरताना गमबूट, पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही, कारण उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि कोकणात पावसाळ्यात तो काही दुर्मिळ नाही. पाण्यात उतरल्यावर आठवडा-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही दिसलं तर थेट डॉक्टरकडे आणि पाण्यात उतरलो होतो हे स्वतःहून सांगायचं. तळघरातली पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची टाकी भरून ठेवायची, नाहीतर ती तरंगून पाइप तोडते. आणि चिपळूणसारख्या ठिकाणी पुराचं पाणी बाहेर दोन-अडीच फुटांच्या वर गेलं की फळ्या लावून अडवत बसायचं नाही, आत येऊ द्यायचं, भिंत पडण्यापेक्षा ओली झालेली बरी. संडासाच्या लाइनला व्हॉल्व्ह नसेल तर पुराचं पाणी दारातून यायच्या आधी भांड्यातून येतं, हे त्याने इतक्या रंगवून सांगितलं की आईने त्याला जेवताना गप्प केलं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. पहिल्या वर्षी पुनर्वसूत विहीर सातव्या थरावर आली त्या रात्री आम्ही कुणी नीट झोपलो नाही. बाबा दोनदा टॉर्च घेऊन खाली. काही नाही. परसाच्या टोकाला गेलो तर पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार चालू, स्वच्छ पाणी, पाऊस थांबलेला तरी. पुष्यात विहीर पाचव्या थरापर्यंत चढली, फरशी ओलसर झाली, पाणी नाही. खड्ड्यातला पंप पूर्ण जुलैत अकरा वेळा चालला, बायकोने वही सोडलेली नाही.

कोरडं ठणठणीत मात्र नाही झालं, आणि तसं होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला की गार ओलसर लागतेच. आम्हाला वाटलं परत झिरप सुरू, मग भिंतीवर फूटभर स्वयंपाकाची फॉइल चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवली. ओल फॉइलच्या मागे आली तर ती भिंतीतून, पुढच्या बाजूला आली तर हवेतून. आमच्याकडे पुढून आली. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आत येऊन गार भिंतीवर दव धरते, म्हणजे हवा खेळती राहावी म्हणून आई दार उघडं ठेवत होती आणि त्यानेच ओल वाढत होती. आता झड असेल तेव्हा दार बंद, उघडीप आणि ऊन पडलं की उघडं. सामान सगळं रॅकवर, भिंतीपासून वीतभर लांब, पुठ्ठ्याचे खोके बंद.

गेल्या वर्षी एक दिवस मात्र पंप सकाळपासून चार वेळा वाजला, विहीर जेमतेम आठव्यावर, काहीच ताळमेळ लागेना. मी केबलचं भोक बघितलं, पन्हळ बघितली, परत हिरवा रंग शोधायला लागलो. बाबा छत्री घेऊन परसाच्या टोकाला गेले, पाइपाच्या तोंडातली धार करंगळीएवढी झालेली. हात घातला आणि शिव्या देत मागे घेतला. आत तळहाताएवढा खेकडा बसलेला, त्याच्यामागे पानांचा आणि मातीचा बोळा. काठीने काढल्यावर पाणी असं सुटलं की बाबांचा लेंगा भिजला. संध्याकाळी बाजारातून साठ रुपयांची जाळी आणून तोंडाला बसवली, आणि खेकडा आईने पऱ्यात सोडायला सांगितला, तेवढ्या एकट्याचं कालवण होत नाही म्हणून.